हॉलची ६ फुटी खिडकी पश्चिमेला आहे, बाहेर ग्रिल. टू-ट्रॅक स्लायडिंग घ्यावी की थ्री-ट्रॅक?

मच्छरजाळी हवी असेल तर थ्री-ट्रॅकच: दोन काचा, एक जाळी. उघडणार मात्र अर्धीच, म्हणजे वारा ३ फुटांतूनच येणार. पूर्ण उघडणारी झडपांची खिडकी वाऱ्याला उत्तम, पण तुमचं ग्रिल भिंतीलगत असेल तर बाहेर उघडणाऱ्या झडपा त्यावर आपटतील.

पश्चिमेचा पाऊस म्हणजे खरी परीक्षा खालच्या ट्रॅकची. पाणी बाहेर जायला भोकं पाडलीत का, हे फिटिंगवाला समोर असतानाच तांब्याभर पाणी ओतून बघा. पैसे त्यानंतर.

काचेवर चौकटीच्या शोभेच्या पट्ट्या नकोत, नुसती धूळ धरतात. त्यापेक्षा पडद्याचा रॉड दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त घ्या. पडदे भिंतीवर सरकतात, काच मोकळी राहते.