कॅप्टन झालास ना, मग हेही तुझ्याच अंगावर

प्रिय भो,

तुझा मेसेज वाचला. फोनच केला असता, पण तुझ्याभोवती कायम चार पोरं असतात आणि माझ्याकडं घरात टीव्ही चालू, म्हणून लिहूनच पाठवतोय. सवडीनं वाच आणि वाचून झालं की डिलीट मार, कारण यातली मूळ गोष्ट तुझी नाही, दुसऱ्याची आहे. त्या पोराचं नाव लिहिलं नाहीस हे फार बरं केलंस, मी पण अंदाज लावत बसलो नाही.

तू विचारलंस की आपल्या कबड्डीच्या टीममधल्या एकानं तुला सांगितलं तो गे आहे, तर आता सरांच्या कानावर घालू का, सिनियर पोरांना विश्वासात घेऊ का, टूरला त्याची झोपायची सोय वेगळी करू का. सांगायच्या बाबतीत काहीच करू नको. त्यानं तुला सांगितलं, टीमला नाही सांगितलं. विश्वासात घेणं म्हणून तू दोघांना सांगशील, ते दोघं चौघांना, आणि आठ दिवसांत पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत सगळ्या मंडळांना कळलेलं असेल, आपल्याकडं ट्रान्सफरची बातमी किती वेळात फिरते ते तुला माहितीये. आणखी कोणाला सांगायचं तर आधी त्याला विचार, तो हो म्हणाला तरच.

वेल्सची कॅप्टनशिप केलेला गॅरेथ थॉमस म्हणून रग्बीचा प्लेयर होता, वेल्सकडून शंभर मॅच खेळणारा पहिला माणूस. रग्बी पण आपल्यासारखाच अंगाला अंग भिडवायचा खेळ, तिथली पोरं काही नाजूक नसतात. २००६ मध्ये एका मॅचनंतर तो ड्रेसिंग रूममध्येच कोसळून रडला, कोच स्कॉट जॉन्सननं बाजूला घेतलं तेव्हा कुठं तोंडातून निघालं. कोचला वाटलं हे एकट्याला पेलणार नाही, म्हणून त्यानं टीममधल्या दोघांना सांगितलं, स्टीफन जोन्स आणि मार्टिन विल्यम्स. ते दोघं काही भाषण ठोकायला आले नाहीत, नेहमीसारखे येऊन बसले. जगाला थॉमसनं स्वतः सांगितलं ते डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे मधली तीन वर्षं ती माणसं गप्प राहिली आणि त्याच्याबरोबर खेळत राहिली. क्रिकेटमध्ये पण बघ, इंग्लंडचा विकेटकीपर स्टीव्हन डेव्हिस, त्यानं अ‍ॅशेसच्या टूरच्या आधी टीमला सांगितलं होतं आणि पेपरात आलं फेब्रुवारी २०११ मध्ये. पूर्ण ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला, कोणी तोंड उघडलं नाही.

आणि याच्या उलटं काय होतं तेही ऐक. जस्टिन फॅशानू, इंग्लंडमधला दहा लाख पौंडांचा पहिला काळा फुटबॉलर, १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं घेतला. मॅनेजर ब्रायन क्लफच्या कानावर गेलं की हा गे क्लबांमध्ये जातो, तर त्यानं त्याला वाटेल ते सुनावलं आणि टीमबरोबर सरावालाच बंदी केली. क्लफ म्हणजे लहानसहान माणूस नव्हे, युरोपियन कप दोनदा जिंकलेला, खेळ कळत होता त्याला, फक्त आपलाच प्लेयर कळला नाही. १९९० मध्ये फॅशानूनं पेपरात उघड सांगितलं तर सख्ख्या भावानं चारचौघांत हात झटकले. १९९८ मध्ये तो गेला, अवघ्या ३७ व्या वर्षी. त्या १९९० नंतर ब्रिटनमध्ये प्रोफेशनल फुटबॉल खेळत असलेला पुढचा पुरुष हे उघड बोलला तो थेट मे २०२२ मध्ये, ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, १७ वर्षांचं पोरगं. मध्ये बत्तीस वर्षं गेली रे. एवढ्या वर्षांत तिथं कोणी गे प्लेयर जन्मालाच आला नव्हता असं थोडंच आहे!

लांब कशाला जायचं, आमच्या काळी एक कॉर्नर, म्हणजे डिफेन्सच्या टोकाला उभा राहणारा, होता, त्याची घोट्याची पकड बसली की रेडर हलायचा नाही. त्याच्याबद्दल काहीतरी कुजबुज सुरू झाली, खरं-खोटं कोणी विचारलं नाही, आणि मग मी पाहिलं की पाण्याची बाटली त्याच्यापर्यंत आली की पुढचा माणूस दुसरी बाटली उचलायचा. बाकी काही नाही, कोणी शिवी दिली नाही, मारलं नाही. पुढच्या सीझनला तो आलाच नाही, सुरतला मिलमध्ये लागला म्हणे. त्यामुळं तू भांडणं-शिव्या बघत बसू नको, बाटली कोणाजवळ थांबते ते बघ. जेवताना ताट कोण कुठं सरकवतं ते बघ. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होईल तेव्हा एकाच परातीत हात घालून खाणारी पोरं त्या दिवशी द्रोण मागायला लागली तर समजून जा, आणि तू स्वतः जाऊन त्याच्या शेजारी बस, भाकरी मोड, दुसरं काही बोलू नको.

आता झोपायचं. आपण काय हॉटेलात उतरतो का भो? झेडपीच्या शाळेत एका वर्गात बारा पोरं, सतरंज्या टाकून, वर एक पंखा तो पण अर्ध्यावर बंद पडणारा. इतकी वर्षं तो याच सतरंजीवर झोपत आला आणि तुला किंवा कोणाला काही त्रास झाला नाही, मग कळल्यावर एकदम काय बदललं? माझी आजी असती तर म्हणाली असती, मंग काय व्हयनं? जागा वेगळी केलीस तर बाकीच्यांना आपोआप कळेल आणि त्याला कळेल की तू त्याला घाबरतो. तसंच चेनचं. डिफेन्समध्ये शेजारचे दोघं हात धरून, चेन करून उभे असतात, हात सुटला की रेडर मधून निघून जातो, एवढं सरळ आहे. उद्या एखादा म्हणाला मला याच्याशेजारी चेनमध्ये नको, तर असं म्हणणाऱ्याला बाहेर बसव, त्या पोराला नाही. कारण विचारलं तर सांग की जो हात सोडतो तो डिफेंडर मला नको. आणि हे पण डोक्यात ठेव की गे आहे म्हणजे त्याला टीममधला प्रत्येक जण आवडतो असं काही नसतं, तुला कॉलेजातली प्रत्येक मुलगी आवडते का?

चेष्टेचं जरा अवघड आहे, ते मान्य. मॅटवर कोणी पकड सोडली की बाहेरून 'बायल्या' ओरडायचं ही आपल्याकडची जुनी खोड, त्यात कोच लोक सगळ्यात पुढं. यावर मीटिंग-बिटिंग घेऊ नको, मीटिंग घेतलीस की सगळे त्याच्याकडंच बघणार. जिथल्या तिथं तोड. ओरडला की 'ए, पकड कुठं चुकली ते सांग, नाहीतर गप बस' एवढंच म्हण आणि दर वेळी म्हण, महिन्याभरात कमी होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसले व्हिडिओ येतात तिथं पण तेच, ग्रुपचा अ‍ॅडमिन तू आहेस ना, डिलीट फॉर एव्हरीवन दाब. आणि स्वतः हसू नको, कॅप्टन हसला की पोरांना परवानगी मिळाली.

तू लिहिलंस की जमाना बदललाय, सर, आता काही वाटत नाही लोकांना. बदललाय, पण सगळीकडं सारखा नाही. कायद्याचं म्हणशील तर ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध तेव्हाच्या दंडविधानातल्या कलम ३७७ खाली गुन्हा नाही, म्हणजे त्या पोराला पोलिसाची भीती दाखवून कोणी पैसे उकळत असेल तर गुन्हेगार तो उकळणारा आहे, हे त्याला नीट समजावून सांग. लग्नाला मात्र मान्यता नाही, ती मागणी कोर्टानं १७ ऑक्टोबर २०२३ ला फेटाळली. त्या २०१८ च्या निकालानं धीर आला म्हणून ओडिशाची द्युती चंद मे २०१९ मध्ये उघड बोलली की माझं एका मुलीवर प्रेम आहे, आपल्या देशातली असं बोलणारी पहिली मोठी अ‍ॅथलीट. विणकराची पोरगी, लहान गाव, घरातूनच सगळ्यात जास्त विरोध झाला. आणि दोनच महिन्यांनी नेपल्सला वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समध्ये शंभर मीटरचं गोल्ड घेऊन आली, ११.३२ सेकंद.

तुमची पोरं डब्ल्यूपीएल, बायकांची क्रिकेट लीग, बघतात ना? २०२३ च्या पहिल्या फायनलला ब्रेबॉर्नवर मुंबईला जिंकून देणारी नॅट सिव्हर-ब्रंट, नाबाद ६०, तिचं लग्न इंग्लंडचीच तेव्हाची फास्ट बोलर कॅथरीन ब्रंटशी झालंय, २०२२ मध्ये. दिल्लीकडून खेळणारी मारिझान काप, तिची बायको डेन व्हॅन निकर्क, दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन होती. लोक बघतात, टाळ्या वाजवतात, चहा पितात. पण पुरुषांच्या क्रिकेट-कबड्डीत आपल्याकडं असं उघड सांगणारं मोठं नाव अजून पुढं आलेलं नाही. का, तर माझं मत असं की पोरगी मैदानात उतरली तेव्हाच लोकांनी तिला नावं ठेवून झालेली असतात, पोरासारखी काय उड्या मारते म्हणून, त्यामुळं पुढचं ऐकायला तिची कातडी तयार झालेली असते. आपला खेळ मात्र मर्दानी म्हणून स्टेजवरून ओरडून विकला जातो, पाहुणे मिशीला पीळ देत नारळ फोडतात, तिथं एखाद्यानं तोंड उघडायचं म्हणजे सगळ्यांच्या मिशीला धक्का.

आणि मोठे लोक किती टिकतात तेही आपण पाहिलंय. २०२२ च्या कतार वर्ल्डकपला युरोपातल्या सात देशांचे कॅप्टन गे लोकांच्या पाठिंब्याचा आर्मबँड दंडावर बांधणार होते, फिफानं यलो कार्डची धमकी दिली आणि सातही जणांनी तो बॅगेत ठेवला. जर्मनीच्या टीमनं निषेध म्हणून फोटोला तोंडावर हात धरले आणि जपानकडून हरले. मी त्यांना फार नावं ठेवत नाही, पहिल्याच मॅचला कॅप्टनला यलो म्हणजे चेष्टा नाही. पण तुला तर कोणी कार्ड दाखवणार नाहीये, तुला फक्त आपल्या पोरांसमोर जरा वाईट व्हायचंय.

एक गोष्ट अजिबात करू नको, ती म्हणजे जोशात येऊन त्याला 'सांगून टाक ना सगळ्यांना' म्हणणं. तुझं काही जात नाही, त्याचं जाऊ शकतं. अमेरिकेत बास्केटबॉलच्या जेसन कॉलिन्सनं एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं तेव्हा तो ३४ वर्षांचा, बारा सीझन खेळलेला होता, तरी पुढचं कॉन्ट्रॅक्ट यायला फेब्रुवारी उजाडला. मायकल सॅमनं २०१४ मध्ये एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टच्या (नवे प्लेयर निवडण्याच्या) आधी सांगितलं, ड्राफ्टमध्ये निवडला गेला, पण लीगची एक मॅच खेळायला मिळाली नाही. त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही, पण धोका कोणाच्या डोक्यावर असतो ते बघ. आपल्या पोराची अजून निवड चाचणी व्हायचीये, सर्टिफिकेट व्हेरिफाय व्हायचंय, राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे त्यातून पोलीस म्हणा, दुसरं काही म्हणा, पायाखाली जमीन येऊ दे. स्वतःचा पगार सुरू झाला की घरचे पण वेगळ्या आवाजात बोलतात, हे काही फक्त या बाबतीत नाही. त्यानंतर सांगायचं की नाही, ते तो बघेल. आयुष्यभर नाही सांगितलं तरी तो भेकड ठरत नाही.

घरचं मात्र तू लक्षात ठेव, कारण आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की स्थळं यायला लागतील. त्यानं घरी सांगितलं आणि घरचे त्याला भगताकडं नाहीतर 'बरं करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडं घेऊन निघाले तर त्याला माहिती पाहिजे की हा आजार नाही, आणि नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्येच असले 'बदलून देतो'वाले उपचार डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवलेत. तो सराव चुकवायला लागला, जेवण कमी झालं, पोरांमध्ये बसेना, तर वाट बघू नको, सरळ विचार की जीवाचं काही बरंवाईट डोक्यात येतंय का. असं विचारल्यानं ते डोक्यात घुसत नाही, उलट समोरचा मोकळा होतो. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, तू स्वतः आधी एकदा लावून बघ म्हणजे त्याला सांगताना अडखळणार नाहीस. तेवढ्यावर भागत नसेल तर मला कधीही फोन कर, रात्री दोनला केलास तरी चालेल.

आणि त्याला लाडावू पण नको बरं का. अ‍ॅडव्हान्स टॅकल मारायची, म्हणजे घाईनं आधीच झेपावायची, त्याची (कोण का असेना) सवय असेल तर सगळ्यांसारखंच झाप, वजन वाढलं तर राउंड मारायला लाव, फॉर्म नसेल तर बेंचवर बसव. अचानक त्याच्याशी गोड बोलायला लागलास तर पहिला संशय त्यालाच येईल.

शहाद्याचा ड्रॉ निघाला की कळव. त्यांचा तो डावखुरा रेडर बोनसला फार जातो, तुझा राइट कॉर्नर अर्धा पाऊल मागं उभा राहतो, ते आधी नीट कर.

तुझा,
सर