दुभाषी व्हायचंय, पण बाबांची मुलगी म्हणून नाही

पत्र : मी मिरजेची. आई-बाबा दोघंही कर्णबधिर, मला नीट ऐकू येतं. आई बारावी झालीय, घरी शिवणकाम करते. आठ वर्षांची असल्यापासून बँकेत, दवाखान्यात, पालकसभेत मध्ये मीच उभी असते. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, बाबांची साखर हाताबाहेर गेलीय. मी खूण केली, ‘थोडी वाढलीय.’ यंदा बारावी कॉमर्स झाले. मला साइन लँग्वेज इंटरप्रिटर व्हायचंय. मामा म्हणतात, ‘जन्मभर हातवारेच करणार का? बी.कॉम. कर, बँकेच्या परीक्षा दे.’ यात खरंच करिअर आहे का?

उत्तर : मामांच्या ‘हातवारे’ या शब्दापासूनच सुरुवात करते. हातवारे रिक्षा थांबवताना आपण सगळेच करतो. भारतीय सांकेतिक भाषेला व्याकरण आहे, आणि ते तुला माहीत आहे, कुणी शिकवलं नाही तरी. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, ‘तुझं नाव काय’मधल्या ‘काय’सारखा. हो-नाहीचा प्रश्न असला की भुवया वर जातात. चेहरा कोरा ठेवला तर अर्धं म्हणणं हातातून गळून पडतं. या भाषेवर काम करायला दिल्लीत २०१५ साली केंद्र सरकारने स्वतंत्र संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढलं. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमले होते. (एक विचारू का? मामांना किती खुणा येतात?)

तर हो, करिअर आहे. त्या केंद्रात सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांसाठी दोन वर्षांची पदविका आहे, बारावीनंतरची. तुला दिल्लीला जायलाच हवं असं नाही, मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठी काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, तिथेही चौकशी कर. कुठेही प्रवेश घेतलास तरी अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, एवढं आधी बघ. ‘तीन महिन्यांत सर्टिफिकेट’वाल्या जाहिरातींपासून लांब राहा.

आता जे तुला आवडणार नाही ते. ‘थोडी वाढलीय’ ही खूण मुलगी म्हणून मला कळते. पण दुभाष्याच्या कामात ती चूक आहे, आणि मोठी चूक आहे. साखर बाबांची, डॉक्टर बाबांचे. घाबरायचं की पथ्य पाळायचं, हे ठरवायचा हक्कही बाबांचाच. या अभ्यासक्रमात तुला सर्वांत जड जाईल ते हेच : गाळायचं नाही, घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. शिवाय तुझ्या बऱ्याच खुणा घरातल्या असतील, आईने आणि तू मिळून केलेल्या. दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस समोर आला की त्या अडखळतात. घरातून मिळालेला हात पक्का असला, तरी शिकायचं बरंच उरलेलं असतं.

माझीही एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक कर्णबधिर मुलगा सल्ल्यासाठी आला होता, सोबत इंटरप्रिटर. मी अर्धा तास तिच्याकडे बघून बोलत होते : ‘त्याला विचारा, गणित आवडतं का?’ शेवटी मुलाने टेबलावर दोनदा टकटक केलं आणि स्वतःकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे माझी मान वळली. दुभाषी चांगला असला की समोरचे दोघं एकमेकांशी बोलतात आणि तो मध्ये असल्याचं विसरतात. माझ्या खोलीत ते झालं नाही, दोष माझा होता.

काम कसं असतं ते पाहायचं असेल तर सप्टेंबर २०२३ मधली सर्वोच्च न्यायालयातली बातमी शोध. सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर व्हिडिओवरून हजर झाल्या होत्या. न्यायालयं, दवाखाने, कॉलेजांतले वर्ग, बातम्या, कंपन्यांच्या मुलाखती, सगळीकडे हे काम आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाल्यापासून मागायला आधारही आहे. पण कायमच्या जागा थोड्या. पुष्कळ जण तासावर किंवा दिवसावर काम करतात, एखादा महिना भरलेला तर एखादा रिकामा. दमणूकही होते, लांबलचक कार्यक्रमाला म्हणूनच दोघं असतात आणि साधारण वीस मिनिटांनी पाळी बदलतात. एकटीला चार तास उभं करणाऱ्याला नाही म्हणायला शीक.

म्हणून मामांचं अर्धं ऐक. पदविका कर आणि मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.ही चालू ठेव. हिशेबाची, बँकेची भाषा येणारा दुभाषी कर्णबधिर खातेदाराला किती उपयोगी पडेल, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आणि पत्रात तू ओझरतं लिहिलंस, आई बारावी झालीय, घरी शिवणकाम करते. त्याच केंद्रात सांकेतिक भाषा शिकवणाऱ्यांचीही पदविका आहे, दोन वर्षांची, आणि ती कर्णबधिरांसाठीच आहे. या भाषेच्या शिक्षिका आईसारख्या बायकाच व्हायला हव्यात, आपण ऐकणारे नव्हे. माहितीपत्रक आलं की वयाची आणि गुणांची अट दोघींनी मिळून वाचा. ती नको म्हणाली तर नको. पण या वेळी काही गाळू नकोस, सगळं सांग तिला.