आईला घरी आणताय, तर आधी तिचं दुखणं आवरा

दादा, तुम्ही लिहिलंय की आईचा स्तनाचा कॅन्सर हाडात उतरलाय, केमो आता झेपणार नाही म्हणून दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलंय. दुखणं थांबवायला मॉर्फिन लिहून दिलंय, पण मामा म्हणतात, 'सवय लागंल, देऊ नका.' हे मामांनाही वाचून दाखवा.

माझ्या आबांना जिभेचा कॅन्सर होता. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत शेवटचे अडीच महिने मी त्यांचं केलं. सुरुवातीचे नऊ दिवस मीही मॉर्फिन कपाटात ठेवलं आणि अगदीच सोसेना झालं की एक गोळी द्यायची. ते नऊ दिवस मला अजून सलतात.

मॉर्फिन घड्याळ बघून द्यायचं, कळ बघून नाही. साध्या गोळीचा अंमल चारेक तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी. कळ उठायची वाट बघत बसलं, तर पुढची गोळी लागू होईपर्यंत माणूस तळमळतो. मधेच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. कॅन्सरच्या वेदनेसाठी ठरवून दिलेल्या डोसानं व्यसन लागणं फार क्वचित. पहिले काही दिवस गुंगी, मळमळ असते, मग ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायला सांगा. आबांना पाच दिवस शौचाला झालं नव्हतं, ते हाल बघवत नव्हते.

ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यता असलेल्या दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालंय. संपायच्या आठ दिवस आधीच आणायला जा.

आईचा आजार हाडात आहे, म्हणून दोन गोष्टी. एखादंच हाड फार दुखत असेल तर रेडिएशनच्या एका बैठकीनंही पुष्कळांना आराम पडतो, डॉक्टरांना विचारा. आणि पाठीत दुखून पायातली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. मणक्यातली नस दाबली जात असते.

छातीवर जखम असेल तर वासाची लाज बाळगू नका. आबांच्या गालाला भोक पडलं होतं. शेजारणी नाकाला पदर लावून उंबऱ्यातूनच विचारपूस करायच्या, आणि आबांना ते कळायचं. घरी येणाऱ्या नर्सताईंनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून जखमेवर भुरभुरायला शिकवलं. चार-पाच दिवसांत वास एवढा उतरला की माझा भाचा त्यांच्या कॉटवर बसून गृहपाठ करायला लागला.

खाण्याचा आग्रह धरू नका. शेवटी शेवटी शरीरालाच अन्न नको असतं. आबांना गंगावेशीतलं धारोष्ण दूध हवं होतं. भाऊ तांब्या घेऊन पळत गेला. दोनच चमचे गेले, पण मिशीला लागलेला फेस त्यांनी बराच वेळ पुसू दिला नाही.

आईपासून आजार लपवताय का, ते तुम्ही लिहिलं नाही. आम्ही लपवला होता. आबांना सगळं माहीत होतं, आम्ही रडू नये म्हणून तेही गप्प होते. आईनं विचारलं तर खरं सांगा, विचारेल तेवढंच सांगा.

घरीच काही झालं तर मृत्यूचा दाखला कोण लिहून देणार, हे फॅमिली डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. आम्हाला मध्यरात्री तीन दारं ठोठवावी लागली होती.

आणि आजच एक वही घाला. गोळीची वेळ, दहापैकी दुखणं किती, शौच झाली का, झोप किती लागली. वहीचं काम मामांकडे द्या. रात्री दहाची गोळी त्यांच्याच हातून जाऊ दे आणि अकरा वाजता आईचा चेहरा त्यांनाच बघू दे.