आधी चित्र बघू दे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. नववीच्या मुलांना हिटलरने केलेला ज्यूंचा संहार तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांच्या चित्रांतून आणि कवितांतून शिकवायचा तुझा विचार वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडे कडक शिक्षकाला पोरं सर्रास ‘हिटलर’ म्हणतात. त्याचं आत्मचरित्र फुटपाथवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. ‘शिस्तीचा माणूस होता’ एवढंच ऐकून आलेली मुलं तुझ्याही वर्गात असणार. त्यांना ६० लाख हा आकडा नुसता सांगून भागत नाही. तो पाठ होतो, पेपरात उतरतो आणि विसरला जातो.

पण तू पाठवलेल्या टाचणात पहिल्या दहा मिनिटांत प्रेतांचे फोटो आहेत आणि चित्रं त्यानंतर. ते फोटो काढून टाक. एकदा प्रेतं बघितली की मुलांना चित्र दिसेनासं होतं, मग ती प्रत्येक खिडकीत आणि प्रत्येक फुलात मरण शोधत बसतात. त्या चित्रांत मरण फारसं नाहीच. घरं आहेत, जेवणाची टेबलं, फुलदाण्या, बागा, फुलपाखरं आहेत. हे असं का, हाच तुझ्या तासाचा गाभा आहे आणि त्याचं उत्तर एका शिक्षिकेपाशी आहे.

फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. जन्म व्हिएन्नाचा, १८९८चा. बाउहाउस या जर्मनीतल्या नावाजलेल्या कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार. डिसेंबर १९४२मध्ये नवऱ्यासह त्यांची रवानगी तेरेझीनला झाली. आजच्या चेक प्रजासत्ताकात, प्रागच्या उत्तरेला असलेलं हे जुनं तटबंदीचं गाव नाझींनी ज्यूंना कोंडण्यासाठी रिकामं केलं होतं. सुमारे १,४०,००० माणसं तिथे आणली गेली. त्यांतली सुमारे ३३,००० भुकेने आणि रोगराईने तिथेच गेली, बहुतेकांना पुढे आउशवित्झसारख्या मृत्युछावण्यांत मारायला पाठवलं. अशा जागी जाताना फ्रीडलनी सामानात चित्रकलेचं साहित्य भरलं होतं. रीतसर शाळा भरवायला तिथे बंदी होती, चित्रकलेकडे मात्र काणाडोळा होई. मुलींच्या वसतिगृहात त्या वर्ग घेत. कागद नव्हते म्हणून कचेरीच्या जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलं चित्रं काढत. आधी हात मोकळा करायला लयीच्या रेषा, मग एखादी वस्तू नीट निरखून काढायची, कधी कागदाचे तुकडे चिकटवायचे. तुझ्या-माझ्या चित्रकलेच्या तासाला शोभेल असंच सगळं. दुःख काढा, असं त्यांनी मुलांना सांगितलं नाही. मूल स्वतःच्या नजरेने बघत राहिलं, तर त्याच्यातलं काहीतरी शाबूत राहील, या विश्वासावर त्या शिकवत होत्या.

आणि प्रत्येक चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावत. हे तू विसरू नकोस. फळ्यावर ‘एका ज्यू मुलीचं चित्र’ असं लिहिलंस तर फ्रीडलनी जे हट्टाने जपलं तेच तू पुसलंस. ज्यांना तिथे रवानगीच्या यादीतले क्रमांक करून ठेवलं होतं, त्या मुलांनी आपल्या हाताने लिहिलेली ती नावं आहेत. नाव वाच, जन्मसाल सांग, ते मूल वाचलं की नाही तेही सांग.

सप्टेंबर १९४४मध्ये त्यांच्या नवऱ्याला पुढे पाठवलं, तेव्हा त्यांनी आपण होऊन पुढच्या गाडीसाठी नाव दिलं. ९ ऑक्टोबर १९४४ला आउशवित्झच्याच बिर्केनाऊ छावणीत त्यांना मारण्यात आलं. नवरा मात्र वाचला. निघण्यापूर्वी दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रं युद्धानंतर प्रागला पोचली. आज ती तिथल्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत आणि त्यांतली काही पिंकास सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाच्या वरच्या मजल्यावर मांडलेली असतात. खालच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या जवळजवळ ८०,००० मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत.

वर्गात एकच चित्र घेऊन पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. सर्वांत मोठं काय काढलंय? दार उघडं आहे का? माणसं आहेत का? पाठीमागचं छापील अक्षर कुठून डोकावतंय का? हे झाल्यावरच ते कुठे, कधी, कोणी काढलं ते सांग. तेरेझीनमधल्याच हेल्गा वाइसोवा या मुलीचं चित्र शेजारी ठेवलंस तर आणखी चांगलं. तिथे पोचल्यावर तिने बर्फाचा बाहुला काढला, तेव्हा वडिलांनी निरोप धाडला, ‘जे बघतेस ते काढ.’ मग तिने रांगा, तिमजली खाटा, सामान वाहणारी माणसं काढली. ती वाचली आणि पुढे चित्रकार झाली. एकाच गावात दोन वडीलधारी माणसं मुलांना दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती. दोघांचं म्हणणं मुलांपुढे ठेव, वर्गाला वाद घालू दे.

‘फुलपाखरू’ ही कविता तू घेणारच, सगळेच घेतात. पण ‘लहान मुलाची कविता’ म्हणून नको. ४ जून १९४२ अशी तारीख घालून ती लिहिली तेव्हा पावेल फ्रीडमन २१ वर्षांचा होता. इथे येऊन सातवा आठवडा चाललाय, पिवळंधमक फुलपाखरू शेवटचं दिसलं, इथे आता फुलपाखरं राहत नाहीत, असं तो म्हणतो. त्यालाही १९४४मध्ये आउशवित्झला नेऊन मारलं. ही कविता झाल्यावर कागदी फुलपाखरं कातरून बोर्डावर लावायचा उपक्रम कृपा करून करू नकोस. आणि ‘समजा तुम्ही छावणीत आहात, कविता लिहा’ हे तर मुळीच नको. मधल्या सुट्टीत डबा खाऊन आलेल्या मुलाला ते समजता येत नाही, आणि समजल्याचं सोंग आपण त्याला शिकवू नये.

माझं मत विचारशील तर तुझ्या वर्गाला सर्वांत जवळचा वाटेल तो पेत्र गिन्झ. जन्म १ फेब्रुवारी १९२८, प्रागचा. वडील ज्यू, आई ख्रिश्चन. ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा लावायची सक्ती झाली त्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्याने असे ६९ तारेवाले ‘शेरीफ’ (छातीवर तारा लावणारे अमेरिकी पोलीस अधिकारी) मोजले आणि डायरीत लिहून ठेवले. तेरेझीनमध्ये तो मुलांच्या ‘वेडेम’ या गुप्त साप्ताहिकाचा संपादक होता. शुक्रवारी संध्याकाळी मुलं त्याचं जाहीर वाचन करत. ‘वेडेम’ची सुमारे ८०० पानं शिल्लक आहेत. पेत्रचं पेन्सिलचं एक चित्र आहे. पुढे चंद्रावरचे टोकदार डोंगर, आणि काळ्या आकाशात पृथ्वी, तिच्यावर खंडं ओळखू येतील अशी. तटाबाहेर जायची मुभा नसलेल्या मुलाने चंद्रावर उभं राहून पृथ्वी बघितली. १६व्या वर्षी त्याला आउशवित्झला मारलं.

त्या चित्राची प्रत इस्राएलचे अंतराळवीर इलान रामोन यांनी कोलंबिया यानात नेली होती. त्यांची आई आउशवित्झमधून वाचलेली. यान कोसळलं तो दिवस १ फेब्रुवारी २००३, म्हणजे पेत्रचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्याच यानात आपली कल्पना चावला होती. तिचा धडा, तिचा फोटो मुलांनी पाहिलेला असतो. तिच्या सोबतीला हे चित्र होतं, हे त्यांना सांग. बातम्यांत ते चित्र बघून प्रागमधल्या एका माणसाला आपल्याकडचे जुने कागद आठवले आणि पेत्रची डायरी उजेडात आली.

स्वस्तिकाचा प्रश्न येईल. दारावरच्या रांगोळीतलं चिन्ह आणि नाझींनी झेंड्यावर घेतलेलं चिन्ह, दोन्ही फळ्यावर काढून शांतपणे उत्तर दे, पण तास त्यात घालवू नकोस. कोणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या, महायुद्धाच्या काळातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीचं नाव काढेल. ते निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते, सोव्हिएत राजवटीने हाकललेले. तो वेगळा इतिहास आहे, सरमिसळ होऊ देऊ नकोस. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींबद्दल मात्र जरूर सांग. ज्यू म्हणजे कोणी परके, ही समजूत तिथल्या तिथे गळून पडते.

या कामाला गुण देऊ नकोस. दोन तास जोडून माग, शेवटचा तास घेऊ नकोस, कारण काही मुलांना नंतर तुझ्याशी बोलायचं असेल. मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी कल्पना दे. चित्रांच्या रंगीत प्रती मोठ्या काढ, झेरॉक्सवर पेन्सिलची रेघ मरते. पहिलं चित्र कोणतं घ्यायचं ते ठरलं की कळव.

तुझ्या,
बाई