माहितीपत्रकातली फी आणि खिशातून जाणारा पैसा

सीईटीचे निकाल लागले की या सदराकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. या वेळी नाशिक जिल्ह्यातली पाच पत्रं घेतली आहेत आणि पाचही खासगी विद्यापीठाच्या खर्चाबद्दल आहेत. उत्तरांतले फीचे आकडे पत्रांतून आलेले किंवा हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या विद्यापीठाचे आकडे घालून हिशेब पुन्हा मांडावा.

प्रश्न : मुलीला नाशिकजवळच्या एका खासगी विद्यापीठात बी.टेक. कॉम्प्युटरला प्रवेश मिळतोय. ट्यूशन फी वर्षाला १,८०,००० रुपये, पण मेरिट स्कॉलरशिपची २५ टक्के सूट धरून १,३५,०००. चार वर्षांचे ५,४०,००० होतात. द्राक्षबागेच्या उत्पन्नावर तेवढं झेपेल. आमच्या हिशेबात काही राहतंय का? (एक पालक, निफाड तालुका)

राहतंय, आणि जे राहिलंय ते धरलेल्या रकमेपेक्षा मोठं आहे.

आधी ती सूट बघू. तुम्ही ती चारही वर्षांसाठी धरली आहे. बहुतेक ठिकाणी अशी सूट पहिल्या वर्षाला सरळ मिळते आणि पुढे तिला अटी लागतात: अमुक इतका सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची सरासरी श्रेणी), एकही बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय नाही, ७५ टक्के हजेरी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणितात किंवा मेकॅनिक्समध्ये एखादा विषय राहणं काही नवलाचं नाही. तो पुढच्या परीक्षेत सुटतो, पण गेलेली सूट परत येईलच असं नाही. म्हणून घरचा हिशेब दुसऱ्या वर्षापासून सूट न धरताच मांडावा. सूट टिकली तर आनंदच आहे.

दुसरं, फीवाढ. प्रवेशपत्रात ‘फी विद्यापीठाच्या नियमांनुसार बदलू शकते’ असं एक बारीक अक्षरातलं वाक्य असतं. वाढ फक्त नव्या तुकडीला लागते की आत असलेल्या मुलांनाही, आणि लागत असेल तर जास्तीत जास्त किती टक्के, हे लेखी विचारा. प्रवेश खिडकीवरच्या माणसाचं ‘नाही वाढत हो, काका’ तिसऱ्या वर्षी कामाला येत नाही. आपण ५ टक्के धरू. पहिल्या वर्षी १,३५,०००, मग १,८९,०००, १,९८,४५० आणि २,०८,३७३. नुसती ट्यूशन फीच ७,३०,८२३ झाली.

आता बाकीची कलमं. प्रवेश आणि नोंदणीचे एकदाच १५,०००. परीक्षा शुल्क सेमिस्टरला ६,०००, म्हणजे वर्षाला १२,०००. लायब्ररी, लॅब, जिमखाना, विमा, ‘डेव्हलपमेंट’ मिळून वर्षाला १८,०००. या दोन्हींचे चार वर्षांत १,२०,००० झाले. हॉस्टेल आणि मेस पहिल्या वर्षी १,१०,००० आणि दर वर्षी ५ टक्के वाढ धरली तर ४,७४,११४. लॅपटॉप ६०,०००. पुस्तकं, एप्रन, युनिफॉर्म, प्रोजेक्ट, झेरॉक्स यांचे वर्षाला १०,०००. हातखर्च, मोबाइल आणि घरी येण्या-जाण्याचे महिन्याला ३,००० धरले तर दहा महिन्यांचे ३०,०००, चार वर्षांचे १,२०,०००.

बेरीज १५,५९,९३७. अनामत रक्कम १०,००० असेल तर ती वेगळी. ती शेवटी परत मिळते, पण पावती असेल तरच. हॉस्टेल वगळलं तरी आकडा पावणेअकरा लाखांच्या वर जातो. शिवाय बॅकलॉगच्या परीक्षेची विषयवार फी, प्लेसमेंट ट्रेनिंगचं शुल्क आणि पदवीदान समारंभाची फी या बेरजेत नाही. ही तिन्ही कलमं विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

पैसा कधी लागतो, हेही तुमच्या बाबतीत महत्त्वाचं आहे. बागेचा पैसा जानेवारी ते एप्रिलमध्ये हातात येतो आणि मोठा हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये भरायचा असतो, नेमका छाटणीच्या खर्चाच्या तोंडावर. उशिरा भरल्यास दिवसाला दंड लावणारी विद्यापीठं आहेत. हप्ते पाडून हवे असतील तर प्रवेशाच्या वेळीच अर्ज देऊन तारखा लेखी घ्या. नंतर ऐकून घेतलं जात नाही.

पण खरा प्रश्न याच्याही आधीचा आहे आणि तो तुमच्या पत्रात नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ट्यूशन आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं या सवलतीतून वगळलेली आहेत. कॉलेजच्या संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागाही वगळल्या आहेत. म्हणजे तुमची मुलगी या प्रवर्गांत बसत असेल, तर विनाअनुदानित कॉलेजात कॅपमधून मिळालेल्या जागेवर ट्यूशन फी शून्य आणि खासगी विद्यापीठात सव्वासात लाखांच्या वर. मुलगा असता तरी प्रश्न सुटत नाही, कारण राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतूनही खासगी विद्यापीठं बाहेरच आहेत.

गोंधळ होतो तो नावांमुळे. ‘ऑटोनॉमस’ म्हणजे स्वायत्त कॉलेज हे विद्यापीठ नव्हे. ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्नच राहतं, कॅपमध्ये असतं आणि त्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार बघता येते. काही ठिकाणी एकाच संस्थेचं संलग्न कॉलेज आणि खासगी विद्यापीठ एकाच आवारात असतं. गेट एक, बस एक, पाटीवरचं आडनावही एक. तिथे एकच प्रश्न विचारा: पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार?

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून आणि लागू असेल तिथे जात पडताळणी जिल्हा पडताळणी समितीकडून, हे सगळं आत्ताच मार्गी लावा. पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कागद अडला की जागा खुल्या प्रवर्गात जाते आणि सवलतही तिच्यामागून जाते.

प्रश्न : मे महिन्यात ‘सीट बुकिंग’ म्हणून एका खासगी विद्यापीठात ५०,००० रुपये भरले आणि मूळ मार्कशीट दिली. आता कॅपमध्ये चांगलं कॉलेज मिळालंय. विद्यापीठ म्हणतं, पावतीवर ‘ना-परतावा’ लिहिलंय, पैसे मिळणार नाहीत. मार्कशीटसाठीही फेऱ्या मारायला लावतात. (एक विद्यार्थी, नाशिकरोड)

पावतीवर छापलं म्हणून यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम रद्द होत नाहीत. ऑक्टोबर २०१८ च्या यूजीसीच्या अधिसूचनेत तीन गोष्टी स्वच्छ आहेत. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने ठेवून घ्यायची नाहीत, पडताळून लगेच परत द्यायची. फी एका वेळी फक्त चालू सेमिस्टरची किंवा वर्षाची घ्यायची, पूर्ण अभ्यासक्रमाची नाही. आणि प्रवेश सोडल्यास ठरलेल्या टप्प्यांनुसार पैसे परत द्यायचे.

टप्पे प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेवर मोजतात. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिला तर पूर्ण फी परत. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून भरलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये, कापता येतात. १५ पेक्षा कमी दिवस आधी दिला तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि पुढे काहीच नाही. अनामत रक्कम या टक्केवारीत धरत नाहीत, ती पूर्ण परत करायची असते. प्रवेश प्रक्रिया लांबते म्हणून यूजीसीने अलीकडे वेगळी परिपत्रकंही काढली. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण परतावा होता आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त १,००० रुपये कापायची मुभा होती. तुमच्या वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावरून उतरवून अर्जाला जोडा.

हे प्रकरण अडतं ते तोंडी बोलण्यामुळे. ‘साहेब सोमवारी येतील’ यात दहा दिवस जातात आणि तेवढ्यात तुमचा टप्पा बदलतो. आजच अर्ज लिहा: नाव, अर्ज क्रमांक, पावती क्रमांक, भरलेली रक्कम, प्रवेश रद्द करण्याची तारीख, बँक खात्याचा तपशील आणि मूळ कागदांची यादी. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज कुलसचिवांना ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. टप्पा मोजताना हीच तारीख तुमच्या बाजूने उभी राहते. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, तिथून विद्यापीठाच्याच लोकपालांकडे जा. त्याच्या जोडीला यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा.

पावती पुन्हा एकदा नीट बघा. वरच्या बाजूला नाव विद्यापीठाचं आहे, ट्रस्टचं आहे की एखाद्या कंपनीचं? हॉस्टेल-मेसचे पैसे वेगळ्या कंपनीच्या खात्यात गेले असतील, तर विद्यापीठ ‘ते आमच्याकडे आलेच नाहीत’ म्हणून हात वर करतं. आणि पैसे एखाद्या एजंटाच्या यूपीआयवर पाठवले असतील तर तुमच्याकडे विद्यापीठाची पावती नाही, नुसता स्क्रीनशॉट आहे. ती वसुली फार अवघड असते.

प्रश्न : दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं म्हणतोय. बँकवाले म्हणतात, शिकेपर्यंत हप्ता नाही. मग काळजी कसली? गहाण ठेवायला दोन एकर शेती आहे. (एक पालक, दिंडोरी)

हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. अभ्यासक्रमाची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष या काळात सरळ व्याज जमा होत राहतं. दर वर्षाच्या सुरुवातीला अडीच लाख उचलले आणि दर १०.५ टक्के धरला, तर पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं, मग चार, तीन आणि दोन वर्षांचं व्याज चढतं. मिळून ३,६७,५००. म्हणजे पहिला हप्ता येईल तेव्हा देणं १३,६७,५०० असेल आणि दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे १८,४५० रुपये. तेच शिक्षण चालू असताना व्याज भरत गेलात तर हप्ता साधारण १३,५०० वर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला २,२०० च्या आसपास असतं. शक्य असेल तर ते भराच, असं आमचं स्पष्ट मत आहे. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाला हप्त्यातले हे महिन्याचे पाच हजार चांगलेच जाणवतात.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा वाटा लागत नाही. त्यापुढच्या कर्जाला देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के वाटा तुमचा. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, त्यावर लागतं. इथे तुमची अडचण येईल. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून सातबाऱ्यावरची जमीन तारण म्हणून बहुतेक बँका नाकारतात. बिगरशेती प्लॉट, घर, मुदत ठेव किंवा एलआयसी पॉलिसी असं काही आहे का बघा.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ही योजना एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांनाच लागू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये योजना मंजूर झाली तेव्हा यादीत ८६० संस्था होत्या. ‘आमच्याकडे लोन होतं’ याचा अर्थ संस्था या यादीत आहे असा होत नाही. नाव पोर्टलवर स्वतः शोधा.

मंजुरीपत्रात कोणती कलमं धरली आहेत तेही वाचा. ट्यूशनची रक्कम बँक थेट संस्थेला पाठवते. बाहेरच्या खोलीचं भाडं, लॅपटॉप आणि प्रवास यांसाठी कोटेशन किंवा पावत्या मागितल्या जातात.

प्रश्न : हॉस्टेल परवडतं की गंगापूर रोडला चौघांत फ्लॅट? (एक विद्यार्थिनी, येवला)

हॉस्टेलची रक्कम दहा महिन्यांची असते, फ्लॅटचं भाडं बारा महिन्यांचं. पहिली चूक इथेच होते. फ्लॅटच्या बाजूला अनामत, दलाली, वीजबिल, गॅस, इंटरनेट, डबा आणि रोजची सिटीलिंक बस किंवा पेट्रोल हे सगळं मांडा. विद्यापीठ त्र्यंबक रोडला शहराबाहेर असेल तर विद्यापीठाच्या बसचा वार्षिक पासही विचारा. खासगी पीजी महिन्याला २०,००० रुपयांच्या आत असेल आणि सलग किमान ९० दिवस राहणार असाल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. कुणी बिलात लावला तर विचारा.

२०२७ च्या सिंहस्थामुळे शहरातल्या खोल्यांना मागणी वाढणार आहे. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर भाडं किती टक्क्यांनी वाढेल, हे आत्ताच करारात लिहून घ्या. पर्वणीच्या दिवसांत खोली रिकामी करायला सांगणार नाहीत, असंही एक कलम घाला.

प्रश्न : मॅनेजमेंट कोट्यासाठी पावतीशिवाय दोन लाख ‘डोनेशन’ मागतात. द्यावं का? (नाव न छापण्याच्या अटीवर, सिडको)

नाही. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन फी घेणं हा गुन्हा आहे. व्यवहाराच्या बाजूनेही बघा: ही रक्कम परताव्याच्या नियमांत नाही, कर्जात बसत नाही आणि प्रवेश रद्द झाला तर मागायला कागद नाही. जे काही भरायचं ते विद्यापीठाच्या खात्यात, कलमवार पावती घेऊनच. त्या पावतीत ट्यूशन फी वेगळी दाखवून घ्या. आयकराच्या जुन्या करप्रणालीत फीची वजावट फक्त ट्यूशन फीवर मिळते, डेव्हलपमेंट फी आणि देणगीवर नाही.