पणजोबांचे भाऊ 'टापूवर' गेले, पण कोणत्या?

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या पणजोबांचे सख्खे मोठे भाऊ गणपत, वडलांचं नाव सखाराम, गाव उमरेडजवळचं. घरी भांडण झालं नं ते नागपूरहून रेल्वेनं कलकत्त्याला गेले, तिथून बोटीत बसून 'टापूवर', एवढंच आजी सांगायची, कोणता टापू ते तिलाही माहीत नव्हतं. आता भाच्यानं नेटवर मॉरिशसच्या एका जुन्या यादीत गणपतसारखंच नाव, जात 'धनगर', ठिकाण 'नागपोर', साल १८३८ असं शोधून काढलंय. आम्ही पण धनगर, त्यामुळे घरात सगळे खूश होऊन राहिले. पण हेच ते कशावरून? आणि एक जण म्हणते चर्चचे रजिस्टर बघा, तर हिंदू माणसाचं नाव तिथं कसं निघेल? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : दादा, पेढे वाटले नसतील तर जरा थांबा, कारण हा माणूस तुमचा नाही. आजीची एकच गोष्ट धरा, रेल्वे. १८३८ मध्ये नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं आणि प्रवाशांची रेल्वे अख्ख्या देशात नव्हती. नागपूरला मुंबईकडची गाडी आली १८६७ मध्ये, १८७० नंतर भुसावळ-जबलपूर-अलाहाबाद असं फिरून कलकत्ता गाठता यायचं, आणि बंगाल नागपूर रेल्वेची सरळ लाइन झाली १८९१ मध्ये. पणजोबांचं वय बघता मला तर १८९१ नंतरचंच वाटते, आणि गिरमिटाची, म्हणजे करार करून मजूर बोटीनं परदेशी न्यायची, भरती १९१७ मध्ये बंद पडली, म्हणजे शोधायचा काळ पंचवीसेक वर्षांवर आला नं.

राहिलं ते 'नागपोर'. ह्यात भलेभले फसतात. कलकत्त्याच्या जुन्या कागदांत नागपोर म्हटलं की बहुतेक वेळा ते छोटा नागपूर असते, म्हणजे आजचं झारखंड, आणि तिथल्या उरांव-मुंडा मजुरांना कलकत्त्याचे दलाल 'धांगर' म्हणायचे, रोमन अक्षरात ते नं आपलं धनगर सारखंच दिसते. मॉरिशसला १८३४ मध्ये 'अ‍ॅटलस' बोटीनं पहिले ३६ मजूर गेले तेही असेच डोंगराळ भागातले होते. म्हणून जात आणि शहराचं नाव जुळलं म्हणून हुरळून जायचं नाही, जिल्हा आणि ठाणं बघायचं. रांची, लोहरदगा, हजारीबाग, पलामू दिसलं की सोडून द्या. आपल्याकडचा माणूस असेल तर ठाणं उमरेड निघायला पाहिजे, पण इंग्रज कारकून त्याला 'उमरेर' लिहायचे, तेही टाकून बघा.

आता कुठे बघायचं. मी असते तर सुरीनामपासून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीपासून, सुरू केलं असतं, कारण ते घरबसल्या फुकटात होते. १८७३ ते १९१६ मध्ये तिथं गेलेल्या ३४ हजारांवर लोकांची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर आहे, नाव, वय, उंची, जात, गाव, ठाणं, जिल्हा, बोट, करार नंबर सगळं. आडनाव टाकू नका, ते लिहितच नव्हते, स्वतःचं नाव नं बापाचं नाव बस. आणि कारकून कानाला ऐकू आलं तसं लिहायचा, तेव्हा गनपत, गुनपुत, गुनपथ, सुकाराम, सकाराम जे सुचेल ते रोमनमध्ये टाकत राहा. तिथं नाही निघाले तर फिजी. १८७९ ते १९१६ मध्ये ६० हजारांवर लोक गेले, त्यांचे इमिग्रेशन पास सुव्हाच्या अभिलेखागारात आहेत. मॉरिशसचे रजिस्टर मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये, त्यात बऱ्याच जणांचे फोटो पण आहेत, पण तुमच्या काळात तिकडे जाणारे फार कमी झाले होते, म्हणून ते शेवटी.

चर्चचं म्हणाल तर ते रजिस्टर तुमच्या कामाचं तेव्हाच, जेव्हा गणपतनं किंवा त्यांच्या लेकरांनी तिकडे धर्म बदलला असेल. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादलाही असेच मजूर गेले, तिथं कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी खास आपल्या लोकांतच काम करायचे, शाळा त्यांच्याच, त्यामुळे तिथं बाप्तिस्म्याच्या नोंदीत हिंदू नावाचे आईबाप सापडतात. लग्नाची नोंद मात्र शोधत बसू नका, हिंदू पद्धतीच्या लग्नाला तिथं १९४० च्या दशकापर्यंत कायद्यानं मान्यताच नव्हती.

जाता जाता कामठीच्या ख्रिस्ती वाचकांसाठी, कारण त्यांचीही पत्रं येतात. कामठीची छावणी मद्रास फौजेची होती, म्हणून तिथल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या ज्या नकला लंडनला गेल्या त्या मद्रास इलाख्याच्या नोंदींच्या खंडांत बघा. लोक मुंबईच्या खंडांत शोधतात नं मग म्हणतात काहीच नाही.

दादा, बाहेरचं शोधण्याआधी इकडचं पक्कं करून घ्या, नाहीतर तिकडचा गणपत सापडूनही ओळखू येणार नाही. तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढा, जातीच्या दाखल्यासाठी सगळे काढतातच, त्यात सखारामच्या घरचे जन्म-मृत्यू मिळाले तर सालं बसवता येतील. घरचं कोणी त्र्यंबकेश्वर किंवा प्रयागला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत भावांची नावं क्रमानं असतात. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला विचारा, गणपतच्या अंगावर काही खूण होती का, देवीचे वण, गोंदण, भाजल्याचा डाग, कारण पासवर अंगावरच्या खुणा लिहायचा रकानाच असायचा. करार करून गेलेल्यांपैकी बरेच जण परत पण आले, सुरीनामहून तर साधारण तिघांमागे एक, तेव्हा जाणाऱ्यांची यादी संपली की येणाऱ्यांची पण बघाच.