ऐकलं तर पटेल, मग काय करू?

“तो बोलायला लागला की मला पटतंय हो. म्हणून मी ऐकतच नाही बघा.”

सोलापुरातल्या एका काकूंचं हे वाक्य. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) भावाची मुलगी सून करून आणायची, हा शब्द त्यांनी ती लहान असतानाच दिलेला. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेला भाऊ सहकुटुंब आला की त्याची उजळणी व्हायची. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न नवं नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही रूढी असेल तिथे अशा नात्याला मुभा देतो. पण लॅबमध्ये काम करणाऱ्या त्यांच्या मुलाला अशा लग्नातून बाळाला असलेला धोका सांगायचा होता. तो म्हणत होता, “आई, एकदा ऐक तरी.”

ही भीती मी फार जणांत पाहते. ती खोटी नसते. गोड बोलून दामदुप्पटीचं पटवणारा एजंट दारात आला तर न ऐकणंच शहाणपणाचं. म्हणून मी काकूंना एकच विचारलं, “मुलगा आत्ताच उत्तर द्या म्हणतो का?”

“नाही. तो म्हणतो, कुठल्याही डॉक्टरला विचार.”

बाहेर विचारून खात्री करा म्हणणाऱ्याचं ऐकायला हरकत नसते. मग खरी अडचण बाहेर आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “पटलं तर भावाला काय तोंड दाखवू?” म्हणजे भीती मुलाच्या बोलण्याची नव्हतीच, दिलेल्या शब्दाची होती. मी म्हटलं, ऐका, पण त्या दिवशी काहीच ठरवू नका. आणि हे लग्न का हवंय, ते आधी वहीत लिहा, म्हणजे तुमची बाजूही तुमच्या हाताशी राहील.

त्यांनी ऐकलं. बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता एरवी शंभरात दोन-तीन, सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात साधारण चार ते सहा. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही तो मुलांना देऊ शकणारे असले, तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक. त्यासाठी लग्नाआधी रक्ततपासणी होते.

“म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव तरी चांगलीच ना?” काकूंनी मुलाला विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला. ऐकलं की आपण वाहूनच जाणार, असं त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी हिशोब मांडला.

त्या हलल्या ते वही वाचताना. कारणं बरीच होती, पण भाचीला काय हवंय याची एक ओळही नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग काकू भावाकडे गेल्या. शब्द मोडायला नव्हे, “आधी पोरीला विचार” एवढंच सांगायला.